वाचताना पुसली जाणारी स्मृती

मंडळी, आज संगणकाच्या स्मृतीविषयी बोलू. ‘साठवण’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कणगी येते. धान्य ओतलं, झाकण लावलं, हवं तेव्हा काढलं. या स्मृतीचा इतिहास मात्र त्या चित्रात बसत नाही.

केंब्रिजला मॉरिस विल्क्स यांचा एडसॅक १९४९मध्ये सुरू झाला. त्याची स्मृती म्हणजे पाऱ्याने भरलेल्या, सुमारे पाच फूट लांबीच्या नळ्या. एका टोकाला विजेच्या स्पंदाचा ध्वनी करायचा, तो साधारण एक सहस्रांश सेकंदात दुसऱ्या टोकाला पोचायचा. तिथे त्याला पुन्हा सशक्त करून पहिल्या टोकाला पाठवायचं. वाण्याकडे निघालेलं पोर वाटभर यादी पुटपुटत जातं ना, तसं! पुटपुटणं थांबलं की यादी गेली.

मग आल्या फेराइटच्या बारीक कड्या. एका दिशेचं चुंबकत्व म्हणजे शून्य, उलट दिशेचं म्हणजे एक. वीज गेली तरी ते टिकतं. वाटलं, मिळाली कणगी. पण कडी वाचायची कशी? तिला शून्याकडे ढकलायचं; ती उलटली तर आधी ‘एक’ होता. म्हणजे वाचलं की पुसलं! हार्वर्डमध्ये अ‍ॅन वांग यांनी यावर तोड काढली: पुसलं जाऊ दे, लगेच परत लिहू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या टिफ्रॅकमध्येही अशाच कड्या होत्या.

आठवण ही ठेवलेली वस्तू की दर वेळी नव्याने केलेली कृती, हा तत्त्वज्ञानातला जुना वाद. इथे तो तारांमध्ये गुंफलेला दिसतो, आणि आपलं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

आपल्या फोनमधली रॅम याच वळणाची. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८मध्ये तिचं पेटंट मिळालं. एक ट्रान्झिस्टर, एक धारित्र, त्यात चिमूटभर विद्युतभार. तो गळतो, म्हणून सेकंदातून अनेकदा वाचून पुन्हा भरावा लागतो. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांच्या फ्लॅश स्मृतीत भार निरोधक थराच्या आत कोंडलेला असतो, त्यामुळे विजेविना वर्षानुवर्षं राहतो. पण प्रत्येक लिहिण्या-पुसण्यागणिक तो थर झिजतो, आणि हळूहळू भार तिथूनही निसटतोच. घरातल्या लग्नाचे फोटो एकाच जुन्या पेनड्राइव्हवर असतील, तर या आठवड्यात ते दुसरीकडे उतरवून घ्या.