रणांगणावरील पत्रे आणि ओसरीवरचा वाचक

फ्रान्समधील न्यव्ह शापेल या खेड्याभोवती 1914 च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस जो रणसंग्राम झाला, त्यात 9 वी भोपाळ इन्फंट्री ही पलटण होती. 1859 मध्ये सिहोर येथे ‘भोपाळ लेव्ही’ या नावाने ती उभारली गेली होती. तिच्या नावात भोपाळ असले तरी तिच्यात भोपाळ राज्याबाहेरच्या खेड्यापाड्यांतून आलेले शिपाई पुष्कळ होते. न्यव्ह शापेल येथे या पलटणीची फार मोठी हानी झाली. पुढे ती मेसोपोटेमियात गेली आणि तेथे 13 जानेवारी 1916 रोजी वादीच्या लढाईत तिच्यातील छत्ता सिंग या शिपायाने आपल्या जखमी अधिकाऱ्याचे रक्षण करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. हा सारा भाग सैनिकी इतिहासकारांनी नोंदविलेला आहे. ज्याचा जन्म फळ्याखडूच्या सहवासात गेला, अशा माणसाला मात्र यात एक वेगळाच प्रश्न पडतो. हे शिपाई घरी पत्रे पाठवीत असत. ती घरी वाचीत कोण?

प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. 1911 च्या खानेसुमारीप्रमाणे हिंदुस्थानात शेकडा सहापेक्षाही कमी लोक साक्षर होते; पुरुषांत हे प्रमाण शेकडा साडेदहाच्या आसपास, तर स्त्रियांत जेमतेम एक. शिपाई ज्या शेतकरी कुटुंबांतून भरती होत, त्यांत ते याहूनही कमी असले पाहिजे. स्वतः शिपायालाच पुष्कळदा लिहिता येत नसे. पलटणीतला एखादा लिहिता गडी किंवा मुनशी त्याचे पत्र लिही. छावण्यांतून यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनचे तंबू होते. तेथे कागद मिळे, आणि लिहून देणारा माणूसही मिळे. इकडे गावात पत्र येऊन पडले की ते पोस्टमनकडून, शाळेच्या मास्तरांकडून किंवा घरातल्या-शेजारच्या चार इयत्ता शिकलेल्या पोराकडून वाचून घ्यावयाचे. म्हणजे बापाचे बोलणे एकाच्या हाताने कागदावर उतरे आणि दुसऱ्याच्या तोंडून आईच्या कानी पडे. नवऱ्याने बायकोला सांगावयाच्या गोष्टी ओसरीवर चारचौघांत, दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून अडखळत ऐकण्याचा प्रसंग त्या काळी कित्येक घरांत आला असेल. अशा पत्रांत जिव्हाळ्याचे शब्द थोडे आणि दंडवत, खुशाली, मनीऑर्डर यांच्या गोष्टी फार आढळल्या, तर शिपायाचे मन कोरडे होते असे कोणी समजू नये.

या लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या मध्ये आणखी एक वाचक होता, तो सरकारी. हिंदी सैन्याची टपाल तपासण्यासाठी 1914 च्या अखेरीपासून फ्रान्समध्ये सेन्सॉरची कचेरी काम करू लागली, आणि कॅप्टन एव्हलिन हॉवेल हा अधिकारी तिचा प्रमुख झाला. 1915 च्या मार्चमध्ये तेथील हिंदी शिपाई आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहीत. इतकी पत्रे मूठभर माणसांनी वाचणे शक्यच नव्हते. निवडक पत्रे उघडून त्यांतील उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर करावयाचे आणि अहवालासोबत वरिष्ठांकडे धाडावयाचे, अशी रीत होती. असंतोषाचा सुगावा लागावा हा यातला हेतू होता. पण हेतू काहीही असो, या पाळतीमुळेच तो मजकूर टिकला. डेव्हिड ओमिसी या संशोधकाने 1999 मध्ये त्यातील साडेसहाशेंवर पत्रे निवडून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. मूळ पत्रे ज्या उतरंडींत आणि देव्हाऱ्यांमागे राहिली, तेथे त्यांना वाळवी लागली. उरली ती पाळत ठेवणाऱ्याच्या दप्तरातली भाषांतरे.

आपले पत्र साहेब वाचतो, हे शिपायांच्या लवकरच ध्यानी आले. म्हणून त्यांनी आपली परिभाषा बनविली. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि तांबडी मिरची म्हणजे गोरे शिपाई. काळी मिरी फार खर्ची पडत आहे, असे कोणी घरी कळविले तर त्याचा अर्थ काय तो कळणाऱ्याला कळे. सेन्सॉरलाही तो कळला, हे आपले नशीब. नाही तर आज आपणांस तो कळला नसता. घरी वाचणाऱ्या पोराला मात्र बापाने मिऱ्यांचा व्यापार कधी आरंभिला, असा प्रश्न पडला असेल!

परंतु या पत्रांतला खरा महत्त्वाचा मजकूर निराळाच आहे. हिंदी पायदळ 1915 च्या अखेरीस फ्रान्समधून हलविले गेले. घोडदळ मात्र 1918 पर्यंत तेथे राहिले. त्यात महूच्या ब्रिगेडमधून गेलेला सेंट्रल इंडिया हॉर्स होता, पूना हॉर्सही होता. (पूना हॉर्सचे नाव पुण्याचे, पण त्यातील स्वार मुख्यत्वे राजपूत व मुसलमान.) हे स्वार महिनेच्या महिने फ्रेंच खेड्यांतून, शेतकऱ्यांच्या घरी मुक्कामाला असत. घरातले पुरुष आघाडीवर गेलेले. बाई शेत नांगरते, दुकान चालविते, हिशेब लिहिते आणि संध्याकाळी वर्तमानपत्र वाचते, हे त्यांनी रोज पाहिले. मुलगा असो वा मुलगी, सकाळी शाळेत जाते, हेही पाहिले. मग त्यांच्या पत्रांत एक नवी मागणी दिसू लागली. मुलांना शाळेत घाला; आणि पुढे जाऊन, मुलींनाही घाला. आपल्या बायका शिकलेल्या असत्या तर आपले घर असे राहिले नसते, असा पश्चात्तापाचा सूरही कित्येक पत्रांत लागलेला आहे. जमादार-दफेदारांच्या दर्जाचे लोक हे लिहीत, तसेच साधे स्वारही लिहीत.

हे सर्व अक्षरशः खरे धरावे काय? परदेशातली स्तुती सेन्सॉरला खटकत नसे आणि तक्रार खटके, ही गोष्ट विसरून चालणार नाही. फ्रेंच खेड्यातले दैन्यही या पाहुण्यांना पुरते दिसले नसेल. तरीही मुलींच्या शाळेची मागणी करून शिपायाला सरकारची मर्जी संपादता येत नव्हती. तिने कोणाला बढती मिळाली नाही. ती मागणी मनातून आलेली होती, असे मी मानतो.

सैन्य आणि शाळा यांचा संबंध आपल्या भागात याहूनही जुना आहे. भोपाळपासून फार दूर नसलेल्या महूच्या छावणीत सुभेदार रामजी सकपाळ हे सैनिकी शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि तेथेच 14 एप्रिल 1891 रोजी त्यांचे चिरंजीव भीमराव जन्मास आले. कंपनी सरकारच्या सैन्यात शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, याचा डॉ. आंबेडकरांनी आवर्जून उल्लेख केलेला आहे. लष्करात ज्यांना अक्षरओळख झाली, त्यांच्या पुढच्या पिढीत काय घडू शकते, याचे यापेक्षा मोठे उदाहरण शोधावे लागणार नाही. युद्धाच्या आदल्याच वर्षी, म्हणजे 1913 मध्ये, भीमरावांनी न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका स्नेह्यास जे पत्र धाडले, त्यातही मुलींच्या शिक्षणाचाच आग्रह होता. महारांची भरती मात्र 1890 नंतरच्या काही वर्षांतच बंद झाली होती. 1917 मध्ये गरज पडताच 111 महार ही पलटण उभी केली आणि 1921 मध्ये ती मोडून टाकली. गरजेपुरती आठवण ठेवण्याचा हा नमुना म्हणावा लागेल.

मराठा पलटणींच्या वाट्याला फ्रान्सपेक्षा मेसोपोटेमिया अधिक आला. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधील 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी कुत-अल-अमारा येथे 7 डिसेंबर 1915 पासून वेढ्यात अडकल्या आणि 29 एप्रिल 1916 रोजी सर्व सैन्य शरण गेले. हे पाच महिने सातारा-रत्नागिरीकडची टपाल जवळजवळ थांबली. त्यानंतरच्या बंदिवासात उपासमारीने, रोगाने आणि वाळवंटातील पायपिटीने हजारो माणसे दगावली. अशा घरांत ओसरीवरच्या पोराला वाचावयास काही उरले नाही, आणि पत्र न येणे हीच बातमी ठरली. ज्या सातारा जिल्ह्यातील आपशिंगे गावाचे 46 जवान त्या युद्धात कामी आले, त्याच जिल्ह्यात 1919 मध्ये काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. या दोन घटनांत कार्यकारणभाव आहे असे माझे म्हणणे नाही. पण भाऊरावांच्या शाळेत ज्या घरांतून मुले आली आणि ज्या घरांतून शिपाई गेले, ती घरे एकाच वर्गातली होती.

आता या पत्रांशेजारी एक सरकारी कागद ठेवून पाहावा. नामदार गोखल्यांनी 16 मार्च 1911 रोजी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. लोकांतून अशी मागणी नाही आणि पैसा नाही, असे सरकारपक्षाचे म्हणणे पडले. 1912 च्या मार्चमध्ये 13 विरुद्ध 38 मतांनी विधेयक फेटाळले गेले. पैशाची गोष्ट घ्यावयाची तर 1917 मध्ये त्याच सरकारने हिंदुस्थानच्या वतीने युद्धासाठी 10 कोटी पौंड देऊ केले. आणि मागणीची गोष्ट म्हणाल, तर ती त्याच सरकारच्या सेन्सॉर-अहवालांत, त्याच्याच शिपायांच्या शब्दांत भाषांतरित होऊन पडलेली होती. ती शिक्षणखात्याच्या टेबलावर जावी, असे कोणाला सुचले नाही. ती जावयाची होती युद्धखात्याकडे आणि इंडिया ऑफिसकडे.

संस्थानांची गोष्ट थोडी निराळी होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला; मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांचा कायदा 1918 मध्ये झाला, तोही म्युनिसिपालिट्यांपुरता. आमच्या भोपाळात नवाब सुलतान जहाँ बेगम यांनी 1903 मध्येच मुलींसाठी सुलतानिया शाळा उघडली होती. ज्या बेगमसाहेबांनी युद्धाच्या आरंभी इतर संस्थानिकांबरोबर ‘लॉयल्टी’ या इस्पितळ-जहाजाला हातभार लावला, त्यांच्याच शहरात शिपायाच्या पत्रातली ही मागणी अकरा वर्षांपूर्वी पुरी होऊ लागली होती. ती शाळा पडद्याची होती आणि तेथे येणाऱ्या मुली प्रतिष्ठित घरांतल्या होत्या. छत्ता सिंगाच्या पलटणीतल्या शिपायाच्या मुलीपर्यंत ती पोचणारी नव्हती, हेही सांगितले पाहिजे.

गोखले 19 फेब्रुवारी 1915 रोजी पुण्यात निवर्तले. त्या आठवड्यातही फ्रान्सहून हजारो पत्रे नेहमीसारखी निघाली, सेन्सॉरच्या कचेरीतून पुढे गेली, मुंबई बंदरात उतरली आणि टपालाच्या पिशव्यांतून खेडोपाडी वाचून दाखविणाऱ्या पोरांच्या हाती पडली.