समुद्राचा नकाशा हिरवा, पण खाली ऑक्सिजन आहे का?

पुण्याच्या मंडईतून गणेश पेठेतला मासळीबाजार चालत जाण्याइतका जवळ आहे, समुद्र मात्र शंभरेक किलोमीटर लांब. तरी त्या समुद्राचा नकाशा तुम्ही मोबाईलवर बघू शकता. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था उपग्रहाच्या माहितीवरून मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे ते मच्छिमारांना कळवते, तेही मराठीत. पण या नकाशात एक महत्त्वाची गोष्ट दिसत नाही. ती म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन.

खालचं पाणी वर का येतं?

पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याजवळ वारा वायव्येकडे झुकतो आणि पाण्याला दक्षिणेकडे ढकलतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात हे पाणी उजवीकडे वळतं, म्हणजे किनाऱ्यापासून दूर जातं. त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी वर सरकतं. याला अपवेलिंग म्हणतात. पेरू, नामिबिया, कॅलिफोर्निया इथेही हेच होतं. आपल्याकडे सुरुवात केरळच्या बाजूला होते आणि मग हे पाणी गोवा-कोकणाकडे पसरतं.

हे पाणी सोबत नायट्रेट, फॉस्फेट अशी पोषकद्रव्यं आणतं. समुद्रासाठी ते खतच. त्यावर सूक्ष्म वनस्पती म्हणजे प्लवक झपाट्याने वाढतात आणि माशांना खाणं मिळतं.

मग ऑक्सिजन कुठे जातो?

हे पाणी वर येतानाच ऑक्सिजन कमी घेऊन येतं. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर ऑक्सिजन फार कमी असलेला जगातल्या मोठ्या थरांपैकी एक थर आहे.

त्यात आणखी भर पडते. भाजीचा ओला कचरा पिशवीत घट्ट बांधून ठेवला तर काय होतं? जिवाणू आतला ऑक्सिजन संपवतात आणि घाण वास सुटतो. समुद्रातही मेलेले प्लवक तळाकडे जातात आणि जिवाणू त्यांना कुजवताना ऑक्सिजन वापरतात. पिशवीची गाठ इथे पाऊस मारतो. पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी हलकं असतं, त्यामुळे ५ ते १० मीटरचा थर होऊन ते वर तरंगतं. हवेतला ऑक्सिजन खाली पोचत नाही.

ऑक्सिजन संपला की जिवाणू नायट्रेट वापरू लागतात. म्हणजे जे खत वर आलं होतं, तेच वायू होऊन उडून जातं. त्यातला एक वायू नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७३ पट जास्त उष्णता अडवतो. नायट्रेटही संपलं तर सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. गोव्यासमोर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो मोजला गेला आहे.

उपग्रहाला हे का कळत नाही?

उपग्रह समुद्राचा रंग आणि पृष्ठभागाचं तापमान बघतो. रंगावरून हरितद्रव्य कळतं, पण ऑक्सिजनला रंग नाही. शिवाय अपवेलिंगच्या दिवसांत नेमके ढग असतात.

त्यासाठी पाण्यातच उतरावं लागतं. आर्गो नावाचे स्वयंचलित तरंगक २००० मीटरपर्यंत बुडी मारून वर येतात आणि माहिती उपग्रहाला पाठवतात. काहींवर ऑक्सिजनचा सेन्सरही असतो. पण ते खोल समुद्रासाठी आहेत. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यासाठी बोटच लागते. गोव्यातल्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ १९९७ पासून कांदोळीसमोरच्या ठरलेल्या जागी जाऊन पाणी तपासत आले आहेत. ऑक्सिजन मोजायला १८८८ मधली विंकलर पद्धत आजही वापरतात. तिच्यात नमुना बोटीवरच रसायन घालून बंद करावा लागतो, नाहीतर हवेतला ऑक्सिजन मिसळून आकडा चुकतो.

दरवर्षी सारखंच होतं का?

नाही. वारा, पाऊस, सागरी प्रवाह बदलले की आकडे बदलतात. हिंदी महासागरात डायपोल 'पॉझिटिव्ह' असेल, तर आपल्या किनाऱ्याजवळ खालचं पाणी कमी वर येतं आणि टंचाई सौम्य राहते. डिसेंबरपर्यंत प्रवाह उलटतो आणि पाणी पुन्हा ताजं होतं.

माणसाचाही हात असू शकतो. २००० साली सय्यद वजीह अहमद नक्वी आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये मांडलं, की इथली टंचाई तीव्र होते आहे आणि जमिनीवरून येणारं जादा नायट्रेट हे त्याचं संभाव्य कारण आहे.

नकाशा बघताना काय लक्षात ठेवायचं?

हिरवा रंग म्हणजे वर खाणं आहे, एवढंच. एक लिटर पाण्यात ऑक्सिजन साधारण २ मिलिग्रॅमच्या खाली गेला, की बहुतेक मासे तिथून निघून जातात. तळाशी राहणाऱ्या, पळता न येणाऱ्या जिवांना मात्र ती सोय नसते. म्हणून पावसाळा संपतानाच्या महिन्यांत फक्त रंगावर विसंबू नका. तारीख बघा, आणि तळाशी ऑक्सिजन कोणी मोजला आहे का, हेही विचारा.