रजिस्टर कुणाकडे? स्वतःच्या सर्व्हरवरच्या चॅटची गोष्ट

नेहमीप्रमाणे या भागाची ही लेखी आवृत्ती. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे एक रजिस्टर असतं बघा. कोण आलं, कुठल्या फ्लॅटमध्ये गेलं, किती वाजता आलं, गाडीचा नंबर काय. घरात काय बोलणं झालं ते त्यात नसतं. पण कुणी महिनाभराचं रजिस्टर निवांत वाचून काढलं तर कुणाकडे वकील येतोय, कुणाकडे रोज नर्स येतेय, कुणाचं लग्न जमतंय, सगळं कळेल. एक शब्दही न ऐकता.

चॅटचंही तसंच आहे. व्हॉट्सॲपवर एप्रिल २०१६ पासून सगळे मेसेज एंड-टू-एंड एनक्रिप्टेड आहेत, म्हणजे मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही. छान. पण कोण, कुणाशी, कधी, कुठल्या ग्रुपमध्ये, हे सगळं कंपनीच्या गेटवरून जातं आणि त्यातली किती नोंद ठेवायची ते कंपनी ठरवते. 'आमचा चॅट सर्व्हर आम्हीच चालवणार' म्हणणाऱ्यांना हे गेटच स्वतःच्या ताब्यात हवं असतं. आजची गोष्ट त्या लोकांची. आणि खरं सांगायचं तर ही गोष्ट मोठ्या कंपन्यांच्याही आधीची आहे.

ऑगस्ट १९८८. फिनलंडमधलं औलू विद्यापीठ. यार्को ओइकारिनेन नावाचा तरुण तिथे सर्व्हर सांभाळायच्या कामावर होता आणि त्या कामात त्याचा सगळा वेळ जात नव्हता. उरलेल्या वेळात त्याने एक चॅट प्रोग्रॅम लिहिला : आयआरसी, म्हणजे इंटरनेट रिले चॅट. त्यातला 'रिले' हा शब्द महत्त्वाचा. एक विद्यापीठ आपला सर्व्हर चालवणार, दुसरं आपला, आणि ते सर्व्हर एकमेकांना जोडून मेसेज पुढे ढकलणार. मधोमध मालक असा कुणीच नाही. तेव्हा हा काही प्रायव्हसीचा विचार नव्हता, त्या काळी इंटरनेटवरच्या गोष्टी अशाच बनायच्या.

भांडण मात्र दोनच वर्षांत लागलं. १९९० मध्ये बर्कलीला 'एरिस' नावाचा एक सर्व्हर होता आणि त्याला कुणीही, न विचारता, आपला सर्व्हर जोडू शकत होतं. बाकीच्यांना ते पटेना. कोण कुठला माणूस येऊन आपल्या जाळ्यात शिरणार? शेवटी नेटवर्क फुटलं आणि एका तुकड्याने नावच घेतलं 'एरिस-फ्री नेटवर्क', थोडक्यात ईएफनेट. नावातच भांडण! ईएफनेट आजही चालू आहे. म्हणजे 'आपापले सर्व्हर' म्हटलं की 'शेजारच्या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा का' हा प्रश्न लगेच मागून येतो, तो पहिल्यापासूनचा. आणि हेही सांगून ठेवतो, की सुरुवातीच्या आयआरसीत एनक्रिप्शन वगैरे काही नव्हतं. सर्व्हर चालवणाऱ्याच्या मनात आलं तर त्याला तुमचं खासगी बोलणंही वाचता येत होतं.

मग आल्या कंपन्या. १९९६ मध्ये इस्रायलहून आयसीक्यू, १९९७ मध्ये एओएलचा मेसेंजर, १९९८ मध्ये याहूचा, १९९९ मध्ये एमएसएन. प्रत्येकाचं गेट वेगळं, रजिस्टर वेगळं, आणि याच्या घरातून त्याच्या घरात जायची सोय नाही. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएनवरून एओएलच्या लोकांशी बोलता येईल असं जमवलं, तर एओएलने ते बंद पाडलं. मायक्रोसॉफ्टने पुन्हा वाट काढली, एओएलने पुन्हा बुजवली. बरेच दिवस हाच खेळ चालला होता.

त्याच वर्षी, जानेवारी १९९९ मध्ये, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या जेरेमी मिलरने जॅबर नावाचा प्रकल्प जाहीर केला. कल्पना ईमेलसारखी. तुमचा पत्ता म्हणजे तुमचं नाव, मग ॲटचं चिन्ह, मग सर्व्हरचं नाव. माझा सर्व्हर माझा, तुझा तुझा, आणि दोघं बोलू शकतात. २००४ मध्ये ते एक्सएमपीपी या नावाने इंटरनेटचं अधिकृत मानक झालं. त्याच वर्षी निकिता बोरिसोव, इयन गोल्डबर्ग आणि एरिक ब्रुअर यांनी ओटीआर आणलं. सर्व्हर कुणाचाही असो, मजकूर फक्त दोन टोकांनाच वाचता येईल, अशी ती पद्धत. म्हणजे घरातल्या बोलण्यासाठी कुलूप मिळालं आणि गेटही आपलं झालं. २००४ मध्येच! मग आपण सगळे आज तिथे का नाही आहोत?

ते समजायला गूगल टॉक बघावं लागतं. ऑगस्ट २००५ मध्ये गूगल टॉक आलं, तेही एक्सएमपीपीवर. जानेवारी २००६ मध्ये गूगलने बाहेरच्या सर्व्हरसाठी दार उघडलं. आता जीमेलवाला मित्र आणि स्वतःचा जॅबर सर्व्हर चालवणारा मित्र सहज बोलू शकत होते. जॅबरवाल्यांना वाटलं, जिंकलो. झालं उलटंच. सगळे मित्र जीमेलवर आहेत आणि तिथून सगळ्यांशी बोलता येतंय, तर स्वतःचा सर्व्हर कोण सांभाळत बसणार? लोक हळूहळू मोठ्या घरात राहायला गेले. मे २०१३ मध्ये गूगलने हँगआउट्स आणलं आणि त्यात बाहेरच्या सर्व्हरशी जोडणं नव्हतं. जुनं टॉक काही काळ लटकत राहिलं. पुढच्याच महिन्यात एडवर्ड स्नोडेनची कागदपत्रं बाहेर आली आणि सर्व्हर-सर्व्हरमधली वाहतूक उघडी ठेवणं किती महागात पडतं ते सगळ्यांना दिसलं. १९ मे २०१४ पासून अनेक एक्सएमपीपी सर्व्हरांनी एनक्रिप्शन नसलेली जोडणी घेणंच बंद केलं. गूगलच्या बाजूला ती सोय नव्हती, त्यामुळे उरलेला धागाही तुटला.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात शिकण्यासारखा प्रसंग हाच आहे. गूगलने कट केला असं मी म्हणत नाही. उघड्या दाराचा फायदा मोठ्या घराला जास्त होतो, आणि ते दार लावायचा निर्णयही त्याच्याच हातात असतो, एवढंच.

अजून एक गंमत ऐका. २००२ मध्ये अलेक्सी श्चेपिनने ईजॅबरडी नावाचा एक मोफत, मुक्त जॅबर सर्व्हर लिहायला घेतला. एर्लांग भाषेत, म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजसाठी बनलेल्या भाषेत. कुणीही उतरवून घ्यावा, आपला सर्व्हर चालवावा. काही वर्षांनी एका छोट्या कंपनीने तो घेतला, हवा तसा बदलला, आणि बाहेरच्या सर्व्हरशी बोलण्याचा भाग ठेवलाच नाही. ती कंपनी म्हणजे व्हॉट्सॲप. तुमच्या खिशातल्या ॲपची मुळं स्वतःच्या सर्व्हरवाल्यांच्याच अंगणात आहेत.

ऑफिसच्या चॅटचं फार वेगळं झालं नाही. स्लॅकमध्ये आयआरसी आणि एक्सएमपीपीवरून शिरायची जी खिडकी होती, ती १५ मे २०१८ ला बंद झाली. त्याआधीच, २०१५ मध्ये, मॅटरमोस्ट, रॉकेट चॅट आणि झुलिप हे तिन्ही मुक्त सोर्स पर्याय लोकांच्या हातात आले होते. त्यावर एक वेगळा भाग करू, आज नको.

आता मेट्रिक्स. सप्टेंबर २०१४ मध्ये मॅथ्यू हॉजसन आणि अमांदीन ल पाप यांच्या टीमने हे सुरू केलं. यात ग्रुपची प्रत भाग घेणाऱ्या प्रत्येक सर्व्हरवर असते. एक सर्व्हर बंद पडला तरी ग्रुप जगतो. ऐकायला मस्त वाटतं. पण आपल्या रजिस्टरचा विचार करा. तुमच्या आठ जणांच्या ग्रुपमधले सात जण तुमच्या सर्व्हरवर आहेत आणि एकाचं खातं दुसऱ्या मोठ्या सर्व्हरवर. मग कोण कधी बोललं याची प्रत तिकडेही गेली. गेट तुमचं, पण रजिस्टरची झेरॉक्स शेजारी. हे फारसं कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतोय.

एप्रिल २०१९ चे दोन आठवडे तर वेब सिरीजला शोभतील असे होते. मेट्रिक्सच्या मुख्य सार्वजनिक सर्व्हरवर कुणीतरी शिरलं. वाट कुठली? अपडेट न केलेलं जेनकिन्स. आपल्यापैकी जे डेव्हलपर आहेत ते आत्ता कसनुसं हसले असतील. ११ एप्रिलला ते जाहीर झालं आणि सगळ्या वापरकर्त्यांना लॉगआउट करावं लागलं. एनक्रिप्ट न केलेले मेसेज हल्लेखोराच्या हाती लागू शकले असते. एनक्रिप्ट केलेले शाबूत होते, पण ज्यांनी किल्ल्यांचा बॅकअप घेतला नव्हता त्यांना स्वतःचेच जुने मेसेज पुन्हा वाचता येईनात. स्वतःचा सर्व्हर चालवणारे त्या दिवशी तरी वाचले.

त्यानंतरच्या आठवड्यात फ्रान्स सरकारने आपल्या अधिकाऱ्यांसाठी 'चाप' हे मेट्रिक्सवर बांधलेलं ॲप आणलं. मंत्री आणि अधिकारी टेलिग्राम-व्हॉट्सॲपवर बोलतात, ते थांबावं म्हणून. बातीस्त रोबेर या सुरक्षा संशोधकाने ते उतरवलं, ईमेल पत्त्याच्या जागी दोन पत्ते एका विशिष्ट प्रकारे चिकटवून टाकले, आणि सर्व्हरला तो राष्ट्राध्यक्ष कार्यालयातला कर्मचारी वाटला! त्याला सार्वजनिक ग्रुप दिसले. त्याने लगेच कळवलं आणि त्याच दिवशी दुरुस्ती झाली. फ्रान्सने ॲप गुंडाळलं नाही. पुढे जर्मन लष्करानेही मेट्रिक्सवरचाच मेसेंजर घेतला.

आपल्याकडे वेगळंच झालं. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने १४ मेसेजिंग ॲप्स ब्लॉक केल्याच्या बातम्या आल्या. जम्मू-काश्मीरमध्ये दहशतवादी ती वापरतात, असं कारण त्यात दिलं होतं. त्या यादीत एलिमेंट होतं, म्हणजे मेट्रिक्सचं सगळ्यात प्रचलित ॲप, आणि ब्रायरही होतं. केरळमधल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या मंडळींनी याविरुद्ध हायकोर्टात दाद मागितली. तपास यंत्रणांची अडचण खोटी नाही. पण एलिमेंट हे एक दार आहे. ज्या सर्व्हरवर ते उघडतं तो कुणीही चालवू शकतं, आणि त्याच सर्व्हरवर उघडणारी दुसरी ॲप्स त्या यादीत नव्हती. जर्मन लष्कर ज्या पायावर बांधतंय त्याचंच ॲप इथे ब्लॉक, याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

त्याच वर्षीचा ऑक्टोबर. जॅबर डॉट आरयू ही रशियन भाषिकांची फार जुनी जॅबर सेवा. तिचे सर्व्हर जर्मनीत, दोन होस्टिंग कंपन्यांकडे भाड्याने घेतलेले. १६ ऑक्टोबरला लोकांना एरर दिसू लागला : सर्टिफिकेटची मुदत संपली आहे. ॲडमिनने सर्व्हरवर पाहिलं तर तिथलं सर्टिफिकेट व्यवस्थित होतं. मग मुदत संपलेलं हे कुठलं? खोदत गेल्यावर कळलं, की होस्टिंगच्या नेटवर्कमध्येच मध्ये कुणीतरी बसलंय. आपलं वेगळं, पण खरंखुरं सर्टिफिकेट काढून सगळी वाहतूक उघडून पाहतंय आणि पुढे पाठवतंय. हे काही महिने चाललं होतं. आणि उघडकीला कशामुळे आलं, तर त्या मध्ये बसलेल्याने सर्टिफिकेट वेळेवर रिन्यू केलं नाही म्हणून! ही पोलिसांच्या सांगण्यावरून झालेली टॅपिंग असावी, असा संशय ॲडमिनने लेखी मांडला.

जे लोक ओमेमो वापरत होते, म्हणजे ओटीआरचा आजचा वारस, त्यांचा मजकूर त्या मधल्या माणसाला वाचता आला नाही. बाकीच्यांचं बोलणं आणि सगळ्यांचं रजिस्टर त्याच्या डोळ्यांसमोर होतं. सर्व्हर स्वतःचा होता हो. पण तो ज्या इमारतीत होता ती भाड्याची होती.

भाग ऐकून बरेच जण विचारतील, आम्ही मित्रांसाठी असा सर्व्हर टाकावा का. आठ-दहा जण असाल तर प्रोसोडी नावाचा एक्सएमपीपी सर्व्हर अगदी स्वस्त व्हीपीएसवर चालतो. सिनॅप्स, म्हणजे मेट्रिक्सचा सर्व्हर, जास्त रॅम खातो. एक डोमेन लागेल. एनक्रिप्शन पहिल्या दिवसापासून चालू ठेवा आणि प्रत्येकाकडून किल्ल्यांचा बॅकअप करून घ्या. जुने मेसेज आणि लॉग किती दिवस ठेवायचे ते आधीच सगळ्यांनी मिळून ठरवा, कारण जी नोंद ठेवलीच नाही ती चोरीला जात नाही. आणि एक लक्षात घ्या, आता वॉचमन तुम्ही आहात. तुमच्या मैत्रिणीने रात्री दोन वाजता कुणाला मेसेज केला ते तुम्हाला दिसू शकतं, आणि हे तिला माहीत असायला हवं. ॲडमिनही दोन ठेवा. एकजण परीक्षेत किंवा गावी असला तर अपडेट टाकायला दुसरा हवा.