हुकूम कोणत्या भाषेत?

नायजेरियातल्या अनुओलुवापो कारुन्वी या तरुण संगणक अभियंत्याने २०१८-१९च्या सुमारास 'योरलँग' नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली. तिच्यातले सगळे हुकूम योरुबा भाषेत आहेत. पडद्यावर काही दाखवायचे असेल तर त्या भाषेत 'सोपे' असे लिहायचे. योरुबात त्याचा अर्थ 'असे म्हण'. मराठी माणसाला हा शब्द वाचून गंमत वाटल्याशिवाय राहणार नाही.

योरुबा ही सुरांची भाषा आहे. 'ओको' हा एकच शब्द वरच्या-खालच्या सुरात म्हटला की त्याचा अर्थ कधी नवरा होतो, कधी गाडी, तर कधी कुदळ! लिहिताना अक्षरावर आणि अक्षराखाली खुणा कराव्या लागतात, आणि त्या खुणा साध्या कळफलकावर नसतात. म्हणजे ज्याने आपल्या भाषेत संगणकाला हुकूम द्यायचे ठरवले, त्याला आधी आपली भाषा टंकायची कशी इथूनच सुरुवात करावी लागली. आपल्याला हे दुखणे नवे नाही. शिवाजी फाँटात लिहिलेले पत्र दुसऱ्याच्या संगणकावर उघडले की नुसते चौकोन आणि कुलूपकिल्ल्या दिसायच्या, ते दिवस ब्लॉगवाल्या मंडळींना आठवत असतील.

ज्या नातेवाईक मंडळींचा संगणकाशी संबंध फोनपुरताच आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. संगणकाला काम सांगायचे तर ठरावीक शब्दांत आणि ठरावीक क्रमाने सांगावे लागते. जर असे असेल तर असे कर, अमुक होईपर्यंत हेच करत राहा, उत्तर परत दे, असे ते हुकूम. हे शब्द बहुतेक सगळीकडे इंग्रजी आहेत. ते फार नसतात. 'सी' या प्रसिद्ध भाषेच्या पहिल्या मानकात असे राखीव शब्द फक्त ३२ होते. म्हणून जाणकार लोक म्हणतात, बत्तीस शब्द पाठ करायला काय लागते? त्यासाठी वेगळी भाषा कशाला?

मी आयुष्यभर मुलांना शिकवले, त्यामुळे हा युक्तिवाद मला पटत नाही. बत्तीस शब्द पाठ होतात हे खरे. पण त्या शब्दांच्या मागे सगळे पुस्तक इंग्रजीत असते, चूक झाली की येणारा निरोप इंग्रजीत असतो, आणि शिकवणाराही इंग्रजी वाक्य तसेच्या तसे वाचून दाखवतो. आमच्या भागातला एक मुलगा कारखान्यावर किती टन ऊस गेला, तोडणी-वाहतूक किती कापली आणि हातात किती पडणार हे तोंडी सांगायचा. संगणकाच्या वर्गाला तीन महिने गेला आणि सोडून आला. मी विचारले, तर म्हणाला, "गुरुजी, गणित समजतंय, पण ते काय विचारतंय तेच समजत नाही." 'ते' म्हणजे संगणक. हा मुलगा बुद्धीने कमी होता असे मी मरेपर्यंत म्हणणार नाही.

आता इतिहासाकडे वळतो, कारण हा प्रश्न योरुबाच्या कितीतरी आधीचा आहे.

१९५०च्या दशकात अमेरिकेत ग्रेस हॉपर नावाच्या विदुषी रेमिंग्टन रँड कंपनीत काम करत होत्या. होय, तीच रेमिंग्टन, जिच्या नावाचा मराठी कळफलक टायपिंगच्या क्लासमध्ये बडवून आपल्याकडची कित्येक पोरे तहसीलमध्ये चिकटली. संगणकाला आकड्यांच्या सांकेतिक भाषेऐवजी साध्या शब्दांत काम सांगता यावे अशी बाईंची खटपट होती. वरिष्ठांना पटवण्यासाठी त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम इंग्रजी शब्दांत लिहून दाखवला, आणि मग तोच फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही करून दाखवला. यंत्राला सगळे सारखेच, शब्द बदलला की झाले, असे त्यांना सांगायचे होते. पण वरिष्ठ मंडळी हादरली. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला फ्रेंच किंवा जर्मन कळेल ही कल्पनाच त्यांना सहन होईना! शेवटी बाईंना काम इंग्रजीपुरतेच ठेवावे लागले. म्हणजे संगणकाची भाषा इंग्रजीच असावी हा काही विज्ञानाचा नियम नव्हता.

रशियनांनी ते मानलेही नाही. १९८५ पासून सोव्हिएत शाळांत संगणकाचा विषय आला तेव्हा आंद्रेई येर्शोव्ह या शास्त्रज्ञाने मुलांसाठी रशियन शब्दांतली भाषा पाठ्यपुस्तकात घातली. प्रोग्रॅम लिहिता येणे ही दुसरी साक्षरता आहे, असे ते म्हणत. आणि आजही रशियात दुकाने-कारखान्यांचे हिशेब ज्या 'वन-सी' नावाच्या प्रणालीवर चालतात, तिच्यात रशियन शब्दांत प्रोग्रॅम लिहिणारे असंख्य लोक पोट भरत आहेत. माझ्या मते सगळ्या उदाहरणांत हे सर्वांत महत्त्वाचे. तिथे कोणी भाषाप्रेमासाठी लिहीत नाही. हिशेब करायचा असतो आणि त्याचा पगार मिळतो.

आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना असाच एक प्रयोग घरात पाहायला मिळाला आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. निजामाने १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ काढले आणि त्याचे माध्यम इंग्रजी न ठेवता उर्दू ठेवले. त्याच्या एक वर्ष आधी भाषांतरासाठी 'दार-उल-तर्जुमा' नावाचे खाते उघडले होते. तिथे बसून विद्वानांनी रसायनशास्त्र, वैद्यक, कायदा, इंजिनिअरिंग यांची पुस्तके उर्दूत आणली आणि हजारो शब्द घडवले. डॉक्टर उर्दूत शिकत होते! इंग्रजांच्या राज्यात कुठल्या विद्यापीठाची अशी छाती झाली नव्हती. त्याबद्दल त्या माणसांना मानले पाहिजे, मग निजामाच्या राजवटीबद्दल आपले मत काहीही असो.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. संस्थानातली बहुसंख्य रयत तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी होती. तिला उर्दू ही इंग्रजीइतकी नसली तरी परकीच होती. माझे वडील चौथीपर्यंत उर्दूत शिकले. त्यांना सातबारावरचा जुना शेरा वाचता यायचा, पण घरी हिशेब ते मराठीतच करत. दुसरी गोष्ट, संस्थान विलीन झाले, विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले आणि ते घडवलेले शब्द पुस्तकातच राहिले. राज्य होते तोवर त्या शब्दांना काम होते.

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास तयार झालेला 'राज्यव्यवहारकोश' आठवा. फारसी शब्दांना सुमारे चौदाशे संस्कृत पर्याय त्यात दिले होते. अष्टप्रधानांतला पहिला 'मुख्य प्रधान' झाला. पुढे काय झाले? इतिहासाने त्या पदाला पेशवा म्हणूनच ओळखले, आणि आपण आजही तहसीलदाराकडेच जातो. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर सरकारने पदनाम कोश काढला, तर लोकांनी त्याला 'बदनाम कोश' म्हणून हिणवले. तरी त्यातले कितीतरी शब्द आज कचेरीत सर्रास चालतात, कारण पगाराच्या कागदावर ते छापून येऊ लागले.

असो. गाडी रुळावर आणतो.

आपल्याकडे पायाभरणी चांगली झाली होती हे सांगितले पाहिजे. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम झाले, ते पुढे १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. इस्की हे मानक १९९१ मध्ये ठरले. जगभर चालणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. इन्स्क्रिप्ट कळफलक असा बांधला की मराठीचा 'क' ज्या कळीवर, त्याच कळीवर तेलुगूचा आणि बंगालीचाही 'क'. मी हा कळफलक साठीनंतर शिकलो आणि सुनेकडून शाबासकी मिळवली :)

लिपी झाली, मग भाषा. या शतकाच्या पहिल्या दशकात अभिषेक चौधरी यांनी 'हिंदवी' नावाची व्यवस्था केली. तिच्यात 'शैली प्राथमिक', 'शैली गुरु' अशी नावे असलेल्या भाषा होत्या, म्हणजे बेसिक आणि सी यांचे भारतीय अवतार. तमिळमध्ये मुत्तय्या अण्णामलै यांनी 'एळिल' तयार केली आणि २००९ मध्ये तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. अलीकडे, २०२०-२१च्या सुमारास, स्वानंद कदम या तरुणाने 'कलाम' ही भाषा इंटरनेटवर मोफत आणली. आडनाव कदम, पण भाषा हिंदी! यात त्याचा दोष काढत नाही, हिंदीत गेले की वापरणारे जास्त मिळतात हा व्यवहार आहे. पण २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. एवढ्या माणसांनी आपली म्हणावी अशी प्रोग्रॅमिंगची भाषा माझ्या तरी नजरेत नाही, आणि मला पुन्हा वडिलांची उर्दू आठवते.

इथे कोणीतरी नक्की लिहील की संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा असल्याचे नासाने सांगितले आहे. कृपया लिहू नका. रिक ब्रिग्ज यांनी १९८५ मध्ये एका मासिकात लिहिलेल्या लेखाचे ते वाढवलेले शेपूट आहे. पाणिनीची थोरवी वेगळी आणि खरी आहे. प्रोग्रॅमिंगच्या भाषांचे व्याकरण ज्या पद्धतीने लिहितात, तिला पाणिनीचेही नाव द्यावे असे १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी सुचवले होते. पण त्यामुळे तीर्थपुरीच्या पोराला काही कळत नाही.

मराठीत अशी भाषा करायची तर मजेदार अडचणी येतील. इंग्रजीत हुकूम आधी येतो, मराठीत क्रियापद शेवटी. "दाखव बेरीज" म्हणायचे की "बेरीज दाखव"? नुसते शब्द बदलले तर मराठी शब्दांत इंग्रजी वाक्य होते. आणि यंत्राला अरे-तुरे करायचे की अहो-जाहो? 'कलाम'ने 'दिखाए' असे आदबीचे रूप घेतले आहे. माझे मत विचाराल तर यंत्राला 'दाखव' म्हणावे. गड्याला किंवा गुरुजींना हाक मारताना विचार करायचा, हंड्याला कसला मान? पुढे लिंगाचा प्रश्न. आकडा मोठा, संख्या मोठी, वजन मोठे. तुलनेचा हुकूम तीन रूपांत ठेवायचा का? मी तर म्हणतो चिन्हच ठेवा, गणिताच्या वहीत आपण कुठे शब्द लिहितो?

सोपा मार्गही आहे आणि तो आत्ताच उपलब्ध आहे. पायथॉन ही भाषा २००८च्या तिसऱ्या आवृत्तीपासून नावे देवनागरीत ठेवू देते. नातवाने मला हे करून दाखवले:

देय_रक्कम = वजन * भाव - कपात

हे जसेच्या तसे चालते. कोणी १२३ असा देवनागरी आकडा टंकून दिला तर त्याची संख्याही करून देते. प्रोग्रॅममध्ये थेट लिहिलेला देवनागरी आकडा मात्र तिला चालत नाही, आणि 'प्रिंट' रोमनमध्येच लिहावे लागते. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत ती माझ्याहून कडक आहे. वर 'ऊस_वजन' लिहून खाली 'उस_वजन' लिहिले, तर असे नाव माहीत नाही म्हणून थांबते. तेवढे कळवते मात्र इंग्रजीत! मुलगा अडखळतो तो इथेच. फेलिएन हर्मान्स या डच प्राध्यापक बाईंनी २०२० मध्ये सुरू केलेल्या 'हेडी'त हुकमांबरोबर चुकांचे निरोपही अनेक भाषांत दिलेले असतात. भाषांतर स्वयंसेवक करतात.

आता यंत्राला मराठीत नुसते सांगितले तरी ते प्रोग्रॅम लिहून देते, मग ही उठाठेव कशाला, असे पुतण्याने विचारलेच आहे. लिहून देते, पण इंग्रजी हुकमांत. त्यात कपात दोनदा वजा झाली आहे की नाही हे ज्याचा ऊस गेला त्याने कसे पाहायचे?

पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात २०२१ पासून संगणक अभियांत्रिकीची एक तुकडी मराठीत सुरू झाली. तिथल्या मुलांपैकी कोणी हे वाचत असेल तर एक विनंती आहे. पूर्ण भाषा नंतर करा. आधी ते चुकांचे निरोप मराठीत आणा. वाक्यरचना तपासून द्यायला मी रिकामाच आहे.