नंबर बरोबर, नाव चूक

आमच्या मोहल्ल्यात अर्ज लिहून घ्यायचा असला की लोक मास्तरांच्या घरी येतात. रेशनकार्डातलं नाव, सातबाऱ्यावरचा वारस, शाळेच्या दाखल्यातली जन्मतारीख असंच काहीतरी काम असतं. मागच्या महिन्यात फौजी चाचा आले. वय पंचाहत्तरीच्या आसपास. प्लास्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक आणि रुमालात गुंडाळलेलं एक मेडल.

1971 च्या लढाईत चाचा राजस्थानच्या सीमेवर होते. त्या लढाईसाठी सरकारने पश्चिम आघाडीवरच्या जवानांना ‘पश्चिमी स्टार’, पूर्व आघाडीवरच्यांना ‘पूर्वी स्टार’ आणि त्याशिवाय ‘संग्राम मेडल’ दिलं. चाचांच्या डिस्चार्ज बुकात संग्राम मेडलची नोंद आहे, पश्चिमी स्टारची नाही. जे मेडल मिळालं त्याच्या कडेवर कोरलेला नंबर चाचांचाच आहे, नाव मात्र अर्धं. ‘अब्दुल’ एवढंच.

मी म्हटलं, “चाचा, पेन्शन तर वेळेवर मिळते. पन्नास वर्षांनी हे कशाला?”

चाचा म्हणाले, “मास्तर, पैसे का सवाल नै. मैं लडाई में था की नै, इत्ताच कागज पे आना.”

त्या एका वाक्याने मला पुस्तकं काढून बसायला लावलं.

आधी त्या ‘अब्दुल’विषयी. मी उर्दू शिकवतो, म्हणून हे जास्त टोचतं. अब्द म्हणजे बंदा. अब्दुल करीम म्हणजे करीमचा, त्या कृपाळू अल्लाहचा बंदा. नुसतं ‘अब्दुल’ म्हणजे ‘चा बंदा’. कोणाचा, ते हवेतच. पण इंग्रजी फॉर्ममध्ये पहिलं नाव आणि आडनाव असे दोन रकाने असतात, मग कारकून एका नावाचे दोन तुकडे करतो. ‘शेख’ कधी नावाच्या पुढे, कधी मागे, तर कधी जातीच्या रकान्यात जातं. कासिमचा कासम होतो, कासमचा पुढच्या कागदावर कासीम. प्रत्येक कागदावर माणूस तोच, पण कागदांच्या लेखी तिघे वेगवेगळे.

ही गोष्ट आजची नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांहून अधिक माणसं गेली आणि 74 हजारांच्या आसपास परत आली नाहीत. त्यात आपल्या भागातल्या मराठा पलटणीही होत्या. या पलटणींचं नाव मराठा, बहुसंख्य कंपन्याही मराठ्यांच्या. पण 1914 साली त्यांच्याच जोडीला दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या होत्या, हे आज आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. मुसलमानांना तर नाहीच, मराठ्यांनाही नाही.

यातल्या 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या. डिसेंबर 1915 मध्ये तुर्की फौजेने त्यांना कुत-अल-अमारा इथे वेढलं. जवळजवळ पाच महिने वेढा चालला. धान्य संपलं, जनावरं कापून खाल्ली, आणि 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13 हजार लोकांनी शरणागती पत्करली. त्यानंतरच्या वाटचालीत आणि कैदेत हजारो मेले. दख्खनी मुसलमान शिपायासाठी ही लढाई आणखी अवघड होती. समोर उभी होती ती खलिफाची फौज. त्याच्या मनात काय चाललं असेल ते कोणत्याही रजिस्टरात नाही.

त्यांच्या आठवणीचं काय झालं? इराकमध्ये बसरा स्मारक आहे. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी ते 1929 मध्ये उभं राहिलं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांसाठी मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा. अमुक पलटण, इतके शिपाई.

एवढ्या लांब जायलाही नको. सातारा, रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत एक जुनी दगडी पाटी दिसते. या गावातून महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. पुन्हा आकडेच. आई कोणाची रडली, ते पाटी सांगत नाही.

मेडलांमध्येही प्रतवारी होती. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ लढणाऱ्या शिपायाला चांदीचं मिळालं. हमाल, खच्चरवाले, मजूर अशांना तेच मेडल ब्राँझचं. गोळा मात्र चांदी आणि ब्राँझ बघून पडत नव्हता. ‘व्हिक्टोरिया क्रॉस’साठी तर हिंदी शिपाई 1911 पर्यंत पात्रच नव्हता. तो नियम बदलल्यावर 31 ऑक्टोबर 1914 रोजी बेल्जियममध्ये खुदादाद खान यांनी मशीनगन सोडली नाही आणि ते हा सन्मान मिळवणारे पहिले हिंदी शिपाई ठरले. शौर्य 1914 मध्ये अचानक उगवलं नव्हतं. नोंद घेण्याची परवानगी तेवढी नवी होती.

एप्रिल 2021 मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने स्वतःच्याच कारभाराची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. आशिया आणि आफ्रिकेतल्या 45 ते 54 हजार मृतांना गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीने स्मारक मिळालं नाही. किमान 1 लाख 16 हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांची नावानिशी नोंदच झाली नाही. यांत पूर्व आफ्रिका आणि इजिप्तचे लोक सर्वाधिक. कमिशनने माफी मागितली, ब्रिटिश संसदेतही दिलगिरी व्यक्त झाली. शंभर वर्षांनंतर का होईना, रेकॉर्डात चूक आहे असं रेकॉर्ड ठेवणाऱ्यानेच कबूल केलं.

आणि नोंदी ठेवल्या तर काय होतं तेही त्याच वर्षी दिसलं. युद्धानंतर पंजाब सरकारने गावोगावच्या शिपायांची रजिस्टरं केली होती. ती लाहोरच्या संग्रहालयात पडून होती. 2021 मध्ये ती इंटरनेटवर खुली होऊ लागली. सुमारे 3 लाख 20 हजार माणसांच्या नोंदी. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या घरांना आपापले पणजोबा सापडू लागले. एक रजिस्टर जपलं गेलं, एवढाच काय तो फरक.

इथे आपल्यालाही आरशात पाहायला हवं. ज्या समाजाने हदीस सांगणाऱ्या हजारो माणसांची नावं, बापाचं नाव, गाव, उस्ताद, वागणूक तपासून ‘अस्मा-उर-रिजाल’ हे अख्खं शास्त्र उभं केलं, त्याच समाजाच्या घरात आज आजोबांचं डिस्चार्ज बुक वाळवी खाते. कारकुनाने चूक केली हे खरं. पण ती पन्नास वर्षं आपण वाचली नाही, हेही खरं. मग कोणी देशासाठी काय केलं असं विचारलं, की आपण दोन-चार मोठी नावं सांगतो आणि गप्प बसतो. गल्लीतल्या फौजी चाचांचा कागद आपल्या हातात नसतो.

म्हणून अर्ज नीट लिहिला. अशा अर्जात भावनेला जागा कमी, पुराव्याला जास्त. फौजेत पोस्टिंग, बढती, लग्न, मूल अशी प्रत्येक गोष्ट युनिट ‘पार्ट टू ऑर्डर’ने रेकॉर्ड ऑफिसला कळवतं. त्यामुळे युनिट, तारखा, आघाडी आणि आर्मी नंबर हे आधी लिहिलं. डिस्चार्ज बुकाच्या पानांच्या प्रती जोडल्या. बरोबरच्या एका साथीदाराचं प्रतिज्ञापत्र मिळवलं. तो कोल्हापूरकडचा मराठा आहे. फोनवर चाचांचं नाव ऐकताच त्याने खंदकातल्या थंडीची गोष्ट सुरू केली, प्रतिज्ञापत्राचं नंतर बोलू म्हणाला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनही अर्ज पुढे पाठवता येतो. तिथूनही काम झालं नाही, तर 2007 च्या कायद्याने झालेलं सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे.

यात एक गंमत आहे. बसऱ्याच्या दगडावर नावाची जागा आकड्याने घेतली. चाचांच्या बाबतीत तोच आकडा त्यांना वाचवतोय. आर्मी नंबर दुसऱ्या कोणाचा असू शकत नाही. नाव अर्धं असलं तरी नंबर पूर्ण आहे, आणि त्याच नंबराच्या आधाराने आम्ही नाव पूर्ण करून मागतोय.

अर्जाखाली सही करण्याआधी चाचांनी तो मला दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, “वो उप्पर के दो कातिब तो बराबरच लिखते. नीचे का कातिब भी बराबर लिखना ना.”

उत्तर अजून आलेलं नाही. आलं तर कळवीन. तोवर तुमच्या घरातली पेटी उघडून बघा. कागदावर नाव पूर्ण आहे का?