हसलो, ते चुकलं

परवा महाप्याच्या ऑफिसात आमच्या टीममधली एक जण मॅनेजर झाली. कॅन्टीनमध्ये लगेच सुरू : "कपडे बघितलेस तिचे? प्रमोशन उगाच नाही मिळत!" मीपण हसलो. घणसोलीला लोकलमध्ये चढलो आणि ताराबाई शिंदे आठवल्या.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला स्वतःच्या नवजात मुलाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली (ती पुढे कमी झाली). 'पुणेवैभव'ने त्या निमित्ताने आख्ख्या स्त्रीजातीलाच झोडपलं. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. मुद्दा साधाच : जे दुर्गुण बायकांना चिकटवता, ते पुरुषांत नाहीत? बायको गेली की तुम्ही दुसरी करणार, विधवेने मात्र जन्मभर कोपऱ्यात बसायचं? आणि तिला फसवणारा मोकळाच?

टीका झाली. जोतीराव फुले ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. मग पुस्तक विस्मरणात गेलं, ते थेट १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं.

असो. गेल्या वर्षी आमच्याकडे एक मुलगा मॅनेजर झाला होता. त्याच्या शर्टाबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. सोमवारी कॅन्टीनमध्ये एवढंच विचारणार आहे. बघू, तोंड उघडतं का माझं!