मायकेल वेस्ट आणि अर्ध्यावर शाळा सोडणारा विद्यार्थी

आपल्याकडील इंग्रजी शिक्षणाचा इतिहास १८३५ च्या मेकॉलेच्या टिपणापाशी जितका रेंगाळतो, तितका वर्गातील फळ्यापाशी रेंगाळत नाही. इंग्रजी शिकवावी की नाही, हा वाद गाजला; ती कोणासाठी व कोणत्या क्रमाने शिकवावी, हा प्रश्न मागे राहिला. तो नेमकेपणाने मांडण्याचे श्रेय मायकेल वेस्ट ह्यांना द्यावे लागेल. वेस्ट हे भारतीय शिक्षणसेवेतील अधिकारी व ढाका येथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य. बंगालमधील द्विभाषिकतेवरील त्यांचा ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला.

ह्या ग्रंथाच्या मुळाशी एक साधे निरीक्षण आहे. इंग्रजी आरंभणारी बहुसंख्य मुले मध्येच शाळा सोडतात. अभ्यासक्रम मात्र शेवटच्या इयत्तेवर नजर ठेवून आखलेला असतो. विमा मुदतीपूर्वी मोडला असता विमेदाराच्या हाती जी रक्कम पडते, तिला 'सरेंडर व्हॅल्यू' म्हणतात. वेस्टनी हीच संज्ञा शिक्षणास लावली. दोन वर्षे रूपे घोकून जो मुलगा शेतावर परतला, त्याच्या पदरी काय पडले?

वेस्ट ह्यांचे उत्तर होते: वाचन प्रथम. संभाषण शिकविण्यास स्वतः अस्खलित बोलणारा शिक्षक हवा. शिवाय भरगच्च वर्गात प्रत्येकाची पाळी यावयाची कधी? सोपे पुस्तक हाती असल्यास वाचन ज्याचे त्याला साधते. परंतु तत्कालीन क्रमिक पुस्तकांत अपरिचित शब्दांची इतकी दाटी असे की, मूल वाचण्याऐवजी अर्थच लावीत बसे. म्हणून वेस्टनी दुर्मिळ शब्दांच्या जागी नित्याचे शब्द घातले, नवे शब्द विरळ पेरले आणि ते पुनःपुन्हा भेटतील अशी योजना केली. त्यांची 'न्यू मेथड' वाचनमाला ह्यातूनच निर्माण झाली. १९५३ ची सुमारे २,००० शब्दांची सूचीही ह्याच वाटेवरची.

शब्दनियंत्रणाचे हे तंत्र पुढे देशोदेशी गेले. ज्या गळतीतून ते निघाले ती मात्र विस्मृतीत गेली, असे प्रस्तुत लेखकास वाटते. वेस्टच्या उत्तरातही उणीव आहेच. बोलणे लांबणीवर टाकले की, लवकर शाळा सोडणाऱ्याच्या वाट्यास ते कधीच येत नाही, आणि हा आक्षेप त्यांच्याच मापाने घेता येतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आली. त्या वेळच्या वादात आरंभाच्या इयत्तेची चर्चा पुष्कळ आढळते. शाळा सोडण्याच्या इयत्तेची मात्र माझ्या वाचनात क्वचितच आली.